थांबा, ताई!

बाप रात्रपाळी करून दिवसा झोपायचा, म्हणून त्या घरातली भांडणंसुद्धा कानात व्हायची. अशा घरातली ही थोरली लेक. कॉलेजात आली, छात्रसेनेत भरती झाली, आणि उस्तादांनी, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या निवृत्त सैनिकाने, पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, ‘कुजबूज’.

आज तिची परीक्षा होती. तुकडी नीट चालवली तर ती तुकडीप्रमुख. नाहीतर शेवटची रांग आहेच. सकाळपासून ती कमरेचा पट्टा सोडत होती, आवळत होती. घोट घोट पाणी पीत होती, तरी घसा कोरडाच. पडदा उघडायच्या आधी विंगेत उभ्या असलेल्या नटाला विचारा, ही तहान पाण्याची नसते.

“पुढे... चल!”

आवाज फाटला, पण निघाला. बूट वाजू लागले. मैदान भराभर संपत आलं, समोर भिंत. आता म्हणायचं एवढंच, ‘थांब’. पण पुढच्या रांगेत वरच्या वर्गातली ताई! तिला एकेरीत हुकूम सोडायचा? भिंत तर अंगावर आली.

“थांबा, ताई!”

ताई थांबली. एकटीच. मागची तिच्यावर आदळली, तिच्यावर तिसरी. बाकीची रांग भिंतीला नाक लावून जागच्या जागी पाय आपटत राहिली. हुकमाशिवाय थांबायचं नाही, हे त्यांना पाठ होतं ना!

“चहाचंही विचारा की ताईंना!” उस्ताद गरजले. सगळे खदखदले. “अगं, हुकमाला वय नसतं. आता यांना परत कोण आणणार? तू की मी?”

तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. पळून जावंसं वाटलं.

“बोल गं पटकन,” ताई पुटपुटली, “खात नाही मी तुला.”

“मागे... फिर!”

बेंबीच्या देठापासून आलं ते. सगळ्यांचे बूट एका ठोक्यात पडले, आणि तो ठोका तिच्याच छातीत धसकन बसला. आपण बोललो आणि एवढी माणसं फिरली? तिने त्यांना चालवत मैदानाच्या मध्यावर आणलं.

“थांब!”

थांबले सगळे. ताईसुद्धा.

“प्रमुख तू,” उस्ताद म्हणाले आणि वळून चालू लागले.

ती तिथेच, पट्टा सोडत-आवळत. तुकडी ताठ उभी, तिच्याकडे बघत. का बघतायत असे? काय चुकलं आता?

“अगं बाई,” ओठ न हलवता ताई म्हणाली, “विश्राम दे की!”