जळगाव सातव्या नंबरला

आमच्या नातीला पहिल्या पसंतीचं सरकारी कॉलेज मिळालं, आणि त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. (चूल कुठली, गॅसच आहे. पण 'गॅस पेटला नाही' म्हटलं की लोकांना वाटतं सिलेंडर संपला!)

माझी शाळा तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरांचं आणि माझं भांडण झालं. मास्तरांनी माफी मागितली नाही, मी शाळेत गेलो नाही. अजून वाट बघतोय. पुढं पन्नास वर्षं बैलबाजारात दलाली केली. धुळ्यापासून सावद्यापर्यंत उपरण्याखाली हात घालून नुसत्या बोटांवर सौदे जमवले. तोंडानं भाव बोलायचा नाही, हा बाजाराचा एक नियम. दुसरा त्याहून मोठा : जो बैल मनात भरला, त्याच्याकडे बघायचंच नाही. आधी शेजारच्या लंगड्याचे दात बघायचे, मग पलीकडच्या मारक्याच्या पाठीवर हात फिरवायचा, आणि निघता निघता, पायात चप्पल सरकवताना, सहज विचारायचं, "आणि हा कोपऱ्यातला? असाच बांधून ठेवलाय का?"

हा नियम मी घरीसुद्धा पाळला. मुलगा गेल्यापासून जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरात आम्ही तिघंच. मी, सूनबाई आणि नात दीक्षा. दीक्षा बारावीत वर्गात पहिली आली, सगळी गल्ली पेढे खायला गोळा झाली. मी म्हणालो, "बरी शे." शेजारचं पोरगं काठावर पास झालं होतं, त्याची मात्र पाठ थोपटून थोपटून लाल केली!

रात्रीची भाकरी वाढताना पोरीनं विचारलं, "आबा, एक खरं सांगा. मी तुम्हाला आवडते की नाही?"

मी म्हणालो, "बाजारात असं विचारत नसतात."

मग त्या इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा निकाल लागला.

"शंभरात किती?" मी विचारलं.

"टक्के नाही आबा, पर्सेंटाइल. म्हणजे माझ्या मागं किती जण आहेत ते."

"मग पुढं किती आहेत ते का नाही सांगत?"

या प्रश्नाचं उत्तर पिंप्राळ्यात कोणाकडेच नव्हतं. पण 'चान्स' या विषयावर मात्र जो तो तज्ज्ञ! पानटपरीवाला म्हणे, जळगावच्या सरकारी कॉलेजचा चान्स आहे. रिक्षावाला म्हणे, काठावर आहे. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेवाल्या ज्योतीताई म्हणाल्या, "आबा, जळगाव मिळेल असं वाटतं. नाही तर धुळं तर कुठं गेलं नाही. पण यादी लांब भरा."

जळगाव मिळालं तर पोर घरातून जाणार-येणार. धुळं मिळालं तर माझ्या मुलीकडे, म्हणजे तिच्या आत्याकडे राहणार, आणि शनिवारी घरी. मी कोणाला बोललो नाही, पण घरापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत जुन्या सायकलवर दोनदा जाऊन आलो. वाटेत सावली कुठं कुठं आहे तेही बघून ठेवलं. घरी सांगितलं, चक्कीवर गेलो होतो. (दळण न घेता!)

यादी भरायच्या शेवटच्या दोन दिवसांत दीक्षाला टायफॉइडनं दवाखान्यात आडवं केलं. हाताला सलाईन. सूनबाई तिच्या उशाशी. आणि फॉर्मचा तो ओटीपी का काय, तो येणार माझ्या मोबाइलवर! पोरीनं सात कॉलेजांची नावं कागदावर लिहून दिली. वर जळगाव, खाली धुळं, मग असं करत करत सातवं पार कोकणात, समुद्राच्या काठावर. तेही सरकारीच.

"आबा, ज्योतीताईंना एवढा कागद द्या. त्या भरतील. तुम्ही काही बोलू नका."

'तुम्ही काही बोलू नका' हे तिनं म्हणायला नको होतं.

कॅफेत बसलो. ज्योतीताईंनी विचारलं, "हं आबा, पहिली पसंती?"

माझ्या डोळ्यांपुढं अख्खा बाजार उभा राहिला. समोर सरकार. सगळ्यात बेरकी व्यापारी! त्याला पहिल्याच दमात सांगायचं की आम्हाला जळगावच हवं? मग तो कशाला देतो?

मी कागद घडी करून खिशात घातला. "पहिलं लिहा कोकण."

ज्योतीताईंचा हात थांबला. "आबा, पहिलं म्हणजे सगळ्यात हवं असलेलं बरं का."

"माले बठ्ठं समजस, सगळं कळतं, ताई! पन्नास वर्षं हेच केलं."

"दीक्षाला एक फोन लावू का?"

"ताप शे तिला! आणि नात मन्ही शे का तुमची?"

त्या बिचाऱ्यांनी की-बोर्ड पुढं ओढला. मी वाटेत पाठ केलेली सातही नावं खालून वर सांगितली. जळगाव सातव्या नंबरला, आणि तेही कसं? उठून चप्पल घालताना! "आणि हो, ते एक जळगाव टाकून द्या. असू द्या शेवटी." ओटीपी आला, मी सांगितला, बटण दाबलं. असा नामी सौदा मी उभ्या आयुष्यात केला नव्हता. येताना ऐटीत गूळ-शेंगदाणे खाल्ले.

निकालाच्या दिवशी ज्योतीताई स्वतः घरी आल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"आबा, कोकण लागलं. ऑटो फ्रीज झालंय."

"रिक्षात फ्रीज?"

"ऑटो म्हणजे आपोआप. जागा पक्की झाली. पहिल्या पसंतीचं मिळालं की पुढच्या फेरीत जाता येत नाही."

"पण आम्हाला नको शे ते!"

"तुम्हीच पहिलं टाकलं होतं ना? त्यांना वाटलं, हेच सगळ्यात हवंय."

"मग सरकारला बाजार कळत नाही!" मी ओरडलो.

दीक्षा दवाखान्यातून नुकतीच घरी आली होती, पार चिपाड झालेली. तिनं ज्योतीताईंच्या हातातला कागद घेतला आणि वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला.

"आबा, तुम्ही यादी उलटी दिली?"

"उलटी नाही. बाजारी."

ती हसली. खरंच हसली, खोकला येईपर्यंत. मग भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि पाठ बराच वेळ हलत राहिली. सूनबाईनं भाजीची पिशवी खुंटीला परत अडकवून ठेवली. संध्याकाळी कळलं, दीक्षाच्या मागं नंबर असलेल्या तिच्या मैत्रिणीला जळगाव मिळालं.

दुसऱ्या दिवशी मी जाकीट घालून निघालो. कुणीतरी मोठा साहेब गाठायचा, त्याच्यापुढं चूक कबूल करायची आणि सौदा फिरवायचा. दीक्षानं दारातच अडवलं. "आबा, तिथं माणूस नाही. मशीन आहे. मशीनला हात धरायला बोटं नसतात."

आयुष्यात पहिल्यांदा माफी मागायला निघालो होतो, आणि घ्यायला पलीकडे माणूसच नाही! (मास्तरांचा शाप असावा.)

"मग ही जागा सोडून दे," मी म्हणालो.

"वर्ष जाईल. मी जाते, आबा."

जायच्या आदल्या दिवशी ती हॉस्टेलचा फॉर्म भरत बसली होती. घरात बॅगेत भरलेल्या कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाचा वास. फॉर्मवर एक चौकट होती : भेटायला येणाऱ्यांची नावं, पसंतीक्रमानं. मी पेपर वाचण्याचं सोंग करत तिरक्या नजरेनं बघत होतो. (पेपर उलटा होता हे सूनबाईनं नंतर सांगितलं.)

पहिल्या रकान्यात तिनं माझं नाव लिहिलं. दुसऱ्यात आईचं. तिसऱ्यात आत्याचं.

माझा ऊर भरून आला. पहिला नंबर! पण कुठल्या हिशेबानं? जगाच्या, की माझ्या?

शेवटी न राहवून विचारलंच. "दीक्षा, हे जे नंबर टाकलेस, ते सरळ की बाजारी?"

तिनं पेनाचं टोपण लावलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आबा, बाजारात असं विचारत नसतात."

पोरीला जाऊन तीन महिने झाले. उपरण्याखाली परक्यांची बोटं ओळखणारा हा पन्नास वर्षं मुरलेला दलाल अजून त्याच एका आकड्यावर अडून बसलाय. आणि घरापासून कॉलेजच्या फाटकापर्यंतची सावली अजून तशीच आहे. परवाच बघून आलो. चक्कीवर गेलो होतो तेव्हा.