आप्पांच्या इंजिनाची खडखड

तुमची गाडी सकाळी पहिल्यांदा चालू करता तेव्हा ती कसा आवाज करते, हे शेवटचं कधी ऐकलंत? गाणी बंद करून, फोन बाजूला ठेवून? सरळ सांगा. आमच्या आप्पांनीही ऐकलं नव्हतं, आणि त्यांचं तर पोटच त्या गाडीवर होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. खानदेशातून सुरतेला आले ते थेट लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, उभे राहिले. अर्धं आयुष्य खटखटाटात काढल्यावर एक दिवस त्यांनी मालकाला रामराम ठोकला आणि एक जुनी सात आसनी गाडी घेतली. लिंबायतमध्ये माणसं भरायची, चलथाणवरून हायवे धरायचा आणि कोंडाईबारीचा घाट चढून गावोगावी पोचवायची. बारसं, लग्न, तेरावं, सगळं आप्पांच्या गाडीतून. माझे काका युनियनची पत्रकं घरी आणत. ‘अननस’ वाचायच्या आधी मी ‘कामगार बंधूंनो’ वाचलं. त्यामुळे आप्पांनी खातं सोडलं ती मला क्रांती वाटली. आईला तो हप्ता वाटला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात. न गेलेली लेक वर्षभर ते ऐकवते. गल्लीतल्या निम्म्या बायांना आप्पांनी “मी नेतो” असा शब्द दिला होता. आणि नेमकी तेव्हाच गाडी घाटात धापा टाकायला लागली. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. आप्पांनी आईची टिकली घेतली आणि त्या दिव्यावर चिकटवली. “डोळ्यात जातो,” म्हणाले.

त्याच आठवड्यात जुन्या मालकाचा निरोप आला, खात्यात जागा रिकामी आहे, कधीही ये. आप्पा “नको” म्हणतील असं मला वाटलं. ते म्हणाले, “बघू.” त्या “बघू”नं माझी झोप उडवली. गाडी गेली तर आप्पा परत लूमवर उभे राहणार, एवढं सरळ होतं ते.

म्हणून मीच गाडी उधन्याच्या मिस्त्रीकडे न्यायला लावली. हा पक्का सुरती माणूस. दर वाक्याची सुरुवात शिवीनं करायचा. त्या मी इथे गाळल्या आहेत, म्हणून त्याची वाक्यं तोकडी वाटतील. त्यानं गाडी रात्रभर ठेवून घेतली. इंजिन थंड असताना ऐकायचं, म्हणाला.

सकाळी आम्ही गेलो. आम्ही म्हणजे आप्पा, मी, आणि पाळी संपवून थेट खात्यातून आलेले आप्पांचे जुने सोबती, म्हणजे माझे सगळे काकाच. आमच्या गल्लीत माणूस दवाखान्यात आणि गाडी गॅरेजमध्ये एकटी जात नाही. मिस्त्रीनं चावी फिरवली. खर्रर्र! पत्र्यावरून लोखंडी साखळी फरफटत न्यावी तसा आवाज, मग हळूहळू कमी झाला.

“काका, सांभळ्युं?” मिस्त्रीनं विचारलं.

“काय?”

“आवाज!”

“हां मग! चालू से ना गाडी,” आप्पा खूश होऊन म्हणाले.

मिस्त्रीनं लांब पेचकस घेतला, टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणाला टेकवलं आणि मूठ आप्पांच्या कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतो, तसं. आप्पांनी डोळे मिटून ऐकलं. “मस्त से.” मग एकेक काका पुढे आला.

“एकदम कडक!”

“माझ्या लूमपेक्षा गोड चालते.”

“याच्यात काय खराबी हो? मिस्त्री गिऱ्हाईक बनवतोय.”

मिस्त्रीनं पेचकस परत घेतला आणि आधी स्वतःच्या कानात बोट घालून हलवून पाहिलं. मग पेचकस माझ्याकडे दिला. मी ऐकलं. आत कोणीतरी खिळ्यांचा डबा हलवत होतं.

तेव्हा मला कळलं की या माणसांच्या लेखी खडखड हा आजार नव्हताच. खात्यात लूम वाजतो तोवर मजुरी चालू असते. गप्प झाला की धावायचं. आप्पा महिनोन् महिने रोज सकाळी ती खडखड ऐकून समाधानानं पान खात होते.

दुपारी झाकण उघडलं. आत काळा, डांबरासारखा गाळ.

“काका, ऑइल कधी बदललं?”

“दर आठवड्याला टाकतो की!” आप्पांचा अपमान झाला होता.

“टाकता. पण काढता कधी?”

“चांगलं तेल काढायचं कशाला?”

सगळ्या काकांनी एकमतानं माना डोलावल्या. लूमला तेल घालतात. बदलत कोणी नाही, ते आपोआप फरशीवर गळतं. खरं सांगते, मला स्वतःला आप्पांचा मुद्दा बिनतोड वाटला.

मिस्त्रीनं शिव्यांसकट समजावलं. वरचा आणि खालचा शाफ्ट एका तालात फिरवणारी टायमिंग चेन ताणून धरायला टेन्शनर नावाचा छोटा भाग असतो, आणि तो तेलाच्या दाबावर चालतो. घट्ट झालेलं तेल तिथवर पोचेना. चेन सैल पडून लांबली, तिच्या बाजूची प्लास्टिकची पट्टी घासून गेली, आणि चेन एक दात सरकली. वरचा कॅमशाफ्ट, जो व्हॉल्व्ह उघडतो, त्याचे उंचवटेही तेलाविना खरवडले गेले होते. म्हणून घाटात दम लागत होता.

हे ऐकून मी तिथल्या तिथे बोलायला लागले. पिढ्यान् पिढ्या कामगाराला फक्त ओतायला शिकवलं, प्रश्न विचारायला कोणी शिकवलं नाही, वगैरे.

“बेन,” मिस्त्री म्हणाला, “टॉर्च सीधी पकडो.”

नवी चेन, नवा टेन्शनर, नवा कॅमशाफ्ट आला. चेन आणि शाफ्टवरच्या खुणा जुळवायची वेळ आली तेव्हा आप्पांना राहवेना. लूमलाही वरचा शाफ्ट दोनदा फिरला की खालचा एकदा फिरतो, आणि वेळ चुकली की धोटा मध्येच अडकतो. त्यांनी बाह्या सरसावून इंजिनात हात घातला.

“काका, आ लूम नथी!”

“लूमच से,” आप्पा म्हणाले. “फक्त कापड पडत नाही.”

शेवटी मिस्त्रीनं इंजिन पान्यानं हळूच फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या, झाकण लावलं, ताजं तेल भरलं आणि चावी मोठ्या ऐटीत आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी चावी फिरवली. इंजिन चालू झालं, इतकं मऊ की मला आप्पांचा अभिमान वाटायला लागला. तेवढ्यात आप्पांनी पुन्हा चावी फिरवली. चालू इंजिनावर स्टार्टरनं अशी किंकाळी फोडली की शेजारच्या टपरीवरचा कुत्रा पळाला.

“चालू छे, काका! चालू छे!”

“चालू होईना!” आप्पा ओरडले आणि तिसऱ्यांदा फिरवली.

“बॅटरी गेली,” एक काका म्हणाला.

“बंदच से,” दुसऱ्यानं दुजोरा दिला.

मिस्त्रीनं आप्पांना खाली उतरवून त्यांचा हात बॉनेटवर ठेवला. खालची थरथर आप्पांच्या तळव्याला लागली. मग चार पावलं मागे जाऊन मिस्त्री त्यांच्या पाठीमागून हळू आवाजात, शिवीशिवाय म्हणाला, “काका, गाडी तो सारी थई गई. हवे कान बतावो.”

गाडी बरी झाली, आता कान दाखवा, असं सांगत होता तो. आप्पांनी वळून पाहिलं नाही.

घरी मी सांगितलं, कान तपासल्याशिवाय एकही बाई गाडीत बसणार नाही. आप्पा खवळले. “बहिऱ्याच्या गाडीत कोण बसेल? त्यापेक्षा खातं बरं. तिथे सगळेच सारखे.” माझ्याकडे प्रत्येक प्रश्नावर घोषणा तयार असते. मी ती द्यायला तोंड उघडलं.

आईनं मला बाजूला सारलं. ती त्यांच्या समोर येऊन म्हणाली, “घाटात मागचा ट्रक हॉर्न देतो, तो ऐकू येतो का? त्या गाडीत माझी बहीण बसणार आहे.”

आप्पा दुसऱ्या दिवशी तपासणीला गेले. कानात मशीन बसलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, “आप्पा, ऐकू येतंय?”

ते दचकले. “काब वं, इतलं वरडीसन काब बोलस तू?”

इतकं ओरडून का बोलतेस, हे खरंच विचारत होते ते. मी जन्मभर अशीच बोलत आले. लोक म्हणतात हा पत्रकांचा परिणाम.

आखाजीला लेकी माहेरी पोचल्या. जुन्या मालकाला आप्पांनी “नाही” कळवलं. आता ते सिग्नलला खिडकी खाली करून अनोळखी माणसांना सांगतात, “भाऊ, तुमची चेन वाजते.” शिव्या खातात, आणि त्याही त्यांना आता स्पष्ट ऐकू येतात.

पण त्यांच्या सोबत्यांपैकी एकही काका तपासणीला आलेला नाही. “आमचं मस्त से,” म्हणतात, आणि पाळीला जातात. म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात कोणी लूमवर, प्रेसवर, जनरेटरशेजारी काम करत असेल, तर आज तो घरी आला की त्याच्या पाठीमागे उभे राहा आणि रोजच्या नावानं हळू हाक मारा. तो वळला नाही, तर आवाज चढवू नका. हात धरा आणि त्याला कान दाखवायला घेऊन जा.