पायाळूचा पाय

खांदा धरला म्हणून काल सुनेनं तेलात लसूण जाळून तो चोळला आणि त्या वासानं मला मळमळून आलं. तिला वाटलं, तेल जुनं असेल. मला मात्र सत्तर वर्षांपूर्वीचा एक खांदा आठवला होता.

मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. पायाळूनं लाथ लावली की उसण उतरते, असं आमच्या मानोऱ्याकडच्या गावात सगळे मानत. एका सकाळी मालकाचं बोलावणं आलं. आई त्यांच्याच मळ्यात वांगी तोडायची. एरवी मी ओट्याजवळ गेले तरी विटाळ होईल म्हणून ते हाकलून द्यायचे. त्या दिवशी ते गोठ्यात पोत्यावर पालथे पडले होते.

"लाव पाय, पोरी. जीव चालला माहा," ते कण्हत म्हणाले.

खांदा घामानं आणि जवसाच्या तेलानं बरबटला होता. त्यावर लसणाची जळकी सालं नि पांढरे केस चिकटले होते. पाय ठेवला तर घसरला. तळव्याला ते मऊ, गरम, ओलं मांस लागलं. घशाशी आलेली ओकारी मी गिळली.

"अजून दाब," ते म्हणतच राहिले.

मग ते उठले, हात फिरवून पाहिला, सुखानं हसले आणि घराकडे तोंड करून बायकोला म्हणाले, "उतरलं वो. आता पाणी तापव, आंगोय करतो. या पोरीचा पाय लागला."

घरी येऊन मी तळवा लाल होईपर्यंत राखेनं घासला. किळस फक्त मलाच आली, असं तेव्हा वाटलं होतं.