मंगळवार-गुरुवारचे सिनेमे

२००३ साली मी अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकत होतो आणि आठवड्यातून दोन दुपारी एका कोर्ससाठी सिनेमे लावायचं काम करत होतो. कोर्सचा विषय होता साठच्या दशकातले ब्रिटिश पॉप बँड आणि त्यांनी काम केलेले सिनेमे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. नागपुरात आमच्या रेडिओवर बातम्या लागायच्या आणि भावगीतं. पण काम सोपं होतं. टेप किंवा डीव्हीडी घालायची, पडदा खाली ओढायचा, दिवे मालवायचे, मुलं मोजायची. मंगळवारी एक बॅच, गुरुवारी दुसरी, त्यामुळे प्रत्येक सिनेमा मी दोनदा बघायचो.

बहुतेक सिनेमे एकासारखे एक होते. सारख्या केसांची चार-पाच मुलं, मागे धावणाऱ्या मुली, एक चिडका मॅनेजर. मुलं कुठून तरी पळून जायची आणि मध्येच थांबून गाणं म्हणायची.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी दादाचा फोन आला. तिकडे दुपारी बाबा गेले, झोपेतच, असं त्याने सांगितलं. मी कधी, कसं, डॉक्टर काय म्हणाले, ते सगळं विचारलं. मग त्यानेच व्हिसाचं काढलं. माझ्या पासपोर्टवरच्या स्टॅम्पची मुदत संपलेली होती आणि त्या दिवसांत नव्या स्टॅम्पसाठी भारतात गेलेली मुलं तिकडेच महिनोन्‌महिने अडकून पडत.

"तू येऊन काय करशील आता? उद्या सकाळी नेणारच आहोत," दादा म्हणाला. "आईशी बोल."

आई फोनवर आली. मी जेवलो का, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हणालो.

फोन ठेवल्यावर मी आंघोळ केली. रूममेट पुण्याचा होता. त्याला सांगितलं तेव्हा आयसेलिनच्या इंडियन दुकानातून आणलेलं बेसन काढून त्याने पिठलं-भात केला. असं झालेल्या घरी शेजारी पिठलं-भात आणून देतात, ते त्याला आठवलं असणार. मी सगळं जेवलो. भूकही होती. मग कॅम्पसची बस पकडली आणि दुपारी अडीचला सिनेमा लावला. एकतीस मुलं होती. ती हसायची तिथे हसली. मी आवाज थोडा कमी केला.

गुरुवारी तोच सिनेमा परत लावला. शेवटच्या कॉन्सर्टच्या सीनमध्ये रडणाऱ्या, किंचाळणाऱ्या मुलींची गर्दी होती. त्यांच्याकडे बघताना माझ्या लक्षात आलं की रडण्याचा एक तुकडा दोनदा वापरलाय. क्लास सुटल्यावर वायर गुंडाळताना मी ते प्रोफेसरबाईंना सांगितलं. बाई मूळच्या इंग्लंडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी मला टेप मागे घ्यायला सांगितली आणि पडद्यावरच्या एका मुलीवर बोट ठेवलं. जाड भुवयांची, तोंड उघडलेली मुलगी होती.

"ही मी," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षांची."

मग त्यांनी सांगितलं की शूटिंगच्या दिवशी बँड तिथे नव्हताच. स्टेजवर स्टुलावर एक माणूस हातरुमाल उंच धरून उभा होता. रुमालाकडे बघा आणि रडा, असं सगळ्यांना सांगितलं. बाकीच्या मुली खरंच रडायला लागल्या. प्रोफेसरबाईंना मात्र काही केल्या रडू येईना. शेवटी एका बाईने येऊन डोळ्यांत कसले तरी थेंब घातले.

"मला वाटलं, माझ्यातच काहीतरी कमी आहे," त्या म्हणाल्या. "पुष्कळ वर्षं वाटायचं तसं."

तेव्हा मी म्हणालो, "माझे वडील गेले. परवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन्ही दिवस कामावर कसा आलास, असं त्या विचारतील असं वाटलं होतं. पण बाबा कसे होते, असं त्यांनी विचारलं. मला वीज मंडळातली नोकरी आठवली, ती सांगितली. मग ते अर्ध्या ब्लेडने आम्हा दोघा भावांच्या पेन्सिलींना टोक काढून द्यायचे, ते सांगितलं. तिसरं काही सुचेना. पुढच्या मंगळवारी सिनेमा मीच लावीन, तू घरी राहा, असं त्या म्हणाल्या. मी येतो म्हणालो. त्यांनी आग्रह केला नाही.

मी आलो. सेमिस्टर संपेपर्यंत येत राहिलो. कधीतरी एकदम कोसळेन, असं रूममेटला वाटत असावं. तो कितीतरी दिवस मला एकटं सोडायचा नाही. तसं काही झालं नाही.

पुढच्या वर्षी डिसेंबरात नागपूरला गेलो. हॉलमध्ये बाबांचा फोटो लागला होता. दुसऱ्या दिवशी आई मेथी निवडत बसली होती, तेव्हा तिने विचारलं, "फोन आला त्या दिवशी तू काय केलंस रे?"

कामावर गेलो, सिनेमा लावला, असं मी सांगितलं.

"कसला सिनेमा?"

मी तिला सांगत गेलो. चार मुलं, मागे लागलेल्या मुली, मॅनेजर, पळापळ. ती मेथी निवडत ऐकत होती.

"मग पुढे काय होतं?"

"काही नाही. शेवटी गाणं म्हणतात."

"बरं," ती म्हणाली आणि काड्या कागदात गुंडाळून उठली.