गोणपाटाची जागा

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी मी आन कारभारीण ओसरीवर दुर्वा निवडत बसलो होतो. तिनं माझी एक जुडी उचलली, मोजली, बाविसावी काडी उपटून माझ्या मांडीवर टाकली आन म्हणली, "देवाला चिरीमिरी देऊन राह्यले का?" मी म्हणलो, "तुझे गुडघे सुजलेत. उद्या राजूरच्या गणपतीपुढं विकायला मी बसतो." "तुम्ही गोणपाटावर बसले की लोकं भीक घालतील. तोंड बघा आरशात," म्हणली, आन पुढची जुडी मोजायला घेतली.

माझी कारभारीण म्हणजे अख्ख्या भोकरदन तालुक्यातली सगळ्यात ताठ बाई, लिहून ठेवा. तिनं धंदा उभा केला, पण कोणाच्या छदामावर न्हाई, आन नवऱ्याच्या तर बिलकुल न्हाई. चूक माझीच. बारा वर्सांमागं जेवताना मी म्हणलो, "तुला व्यवहारातलं काय कळतं?" तिनं भाकर वाढली. दुसऱ्या दिवशी विळा घेऊन बांधावर गेली. गणपतीला दुर्वा लागतेत, दुर्वा बांधावर उगतेत, एवढ्यावर तिचं दुकान सुरू झालं. पण फुकट तिला चालत न्हाई. बांध माझ्या नावावर, म्हणून गवताच्या बदल्यात तिनं माझं वावर निंदून दिलं. मी म्हणलो, "आगं, तसंबी तूच निंदती." म्हणली, "तवा घरची म्हणून निंदत होते, आता व्यापारी म्हणून." व्यापाऱ्याला चहा पाजावा लागतो, तो त्या दिवशी मला करावा लागला.

जुड्या बांधायला दोरे तिच्याच जुन्या लुगड्याचे. बचत गटाची बाई कर्ज घ्या म्हणून दारात आल्ती, तिला हिनं बसवलं, पाणी दिलं आन इचारलं, "गवत उगायला बँकेची सही लागती का?" बाई पाणी पिऊन गेली. गुडघ्यांसाठी मी जालन्याहून खुर्ची आणली, तर हिनं खुर्चीवर टोपलं ठेवलं आन आपण खाली गोणपाटावर बसली. "खुर्ची तुमचं भांडवल. उद्या म्हणताल, मी भागीदार." आता मला तेच तर पाहिजे होतं. बारा वर्सं मी त्याच्यावरच टपून होतो, आन बारा वर्सं तिनं मला बाहेरच्यातच धरलं.

देवळाच्या पायऱ्यांजवळ तिचं दुकान म्हणजे एक गोणपाट आन चार कोपऱ्यांवर चार दगड. तिथला रिवाज असा, की चतुर्थीला दिवस उगायच्या आत ज्याचं गोणपाट हातरलेलं न्हाई, त्याची जागा शेजाऱ्याची. शेजारी नारळवाली. ती दर चतुर्थीला आपला ढीग बोटभर इकडं सरकवायची, आमची कारभारीण दगड बोटभर तिकडं सरकवायची. चहा मात्र दोघी एकमेकींना आळीपाळीनं पाजायच्या, बराबर.

त्या सकाळी जुड्या ओल्या फडक्यात बांधून झाल्या. दुपारी भाकर खाऊन ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली, ती उठलीच न्हाई. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. लोकं म्हणले, बाबा, आता पडा जरा.

दुसऱ्या दिवशी दिवस उगायच्या आत गोणपाट काखेत मारून मी राजूरला गेलो. सुतकात दुर्वा विकता येत न्हाईत, जुड्या घरीच राह्यल्या. देवळाच्या पायरीलाबी शिवलो न्हाई. नुसतं गोणपाट हातरलं, दगड ठेवले आन बसलो. नारळवाली म्हणली, "बाई कुठंय?" मी कालचं सांगितलं. मंग तिनं ढीग हातभर मागं वढला.

ऊन वर आलं. दर्शन करून उतरलेली एक बाई माझ्यापुढं नाणं टाकून, हात जोडून गेली. कारभारीण आरशाचं बराबर बोलली होती. मी नाणं उचललं, तिच्या मागं गेलो आन म्हणलो, "ताई, हे घ्या माघारी. आमच्या धंद्यात बाहेरचा पैसा चालत न्हाई."

'आमच्या' म्हणायची माझी ही पहिलीच येळ. कोणी टोकलं न्हाई. परत येऊन गोणपाटावर बसलो.