काचेवरची टिकली

किल्ल्याच्या माथ्यावरच्या संग्रहालयातून समुद्र दिसतो. बराच वेळ पाहिला. काहीच वाटलं नाही. शेजारी काचेच्या पेटीत मोत्यांची जुनी नथ होती. पाटीवर नथीचं वय होतं, जिने ती घातली तिचं नाव नव्हतं.

रखवालदार काचेवरची टिकली नखाने सोडवत होता. "बायका बघायला वाकतात, कपाळ टेकतं, टिकली इथंच राहते," तो म्हणाला.

घरच्या आरशावर हिची शेवटची टिकली अजून आहे. दाढी करताना ती माझ्या गालावर येते. हिला जाऊन सात महिने झाले. मी ती काढली नाही, आणि रडलोही नाही.

रखवालदाराने बोटावरची टिकली पुढे केली. "वहिनींची का?"

"हो," म्हणालो, आणि माझं बोट पुढे केलं.