आर्डिथबाईंची बिस्किटं आणि डेल्मरचं हार्वेस्टर

“ओल्यावर ओलं चढवू नये.”

हे वाक्य आर्डिथबाई टॉलेफसन ऊठसूट म्हणायच्या. दोन भाऊ बांधावरून भांडले आणि तिसरा त्याच दिवशी समजूत घालायला निघाला, तर त्याला हेच. नवरा गेल्यावर सहा महिन्यांत चर्चमधल्या एका विधुराने कॉफीला बोलावलं, तर त्यालाही हेच. वाक्य मुळात नवऱ्याचं. एइनार टॉलेफसन गोठे रंगवायचा. आमच्या नॉर्बी गावाच्या आसपास जेवढे लाल गोठे अजून लाल आहेत, ते त्याच्या हातचे. पहिला हात पुरता वाळल्याशिवाय तो दुसरा मारत नसे, मग शेतकरी कितीही बोंबलो. एइनार गेला, शिड्या विकल्या गेल्या, पण रंगाची ती शिस्त बाईंच्या स्वयंपाकघरात राहिली.

कारण हॅलोविनची बिस्किटं त्या करायच्या.

आमच्या गावची रीत अशी की ऑक्टोबर लागला की पोरं एकेकटी आर्डिथबाईंच्या मागच्या दाराशी जातात. दार किलकिलं होतं, पोर बाईंच्या कानात सांगतं की यंदा आपण काय होणार. कुणी चेटकीण, कुणी अस्वल, कुणी ट्रॅक्टर. आईबापांना नाही सांगितलं तरी चालतं, आर्डिथबाईंना सांगावं लागतं. मग बाई प्रत्येकाचं सोंग साखरेच्या रंगाने बिस्किटावर काढतात. हॅलोविनच्या संध्याकाळी आगीचा बंब बाहेर रस्त्यावर उभा करून त्याच्या शेडमध्ये पार्टी होते. लांब टेबलावर सगळी बिस्किटं मांडलेली असतात. पोरं मुखवटे लावून येतात आणि आधी स्वतःला शोधतात. मी लहानपणी तिथे समुद्री चाच्याच्या रूपात स्वतःला सापडलो होतो, तेव्हा ती बिस्किटं बाईंच्या सासूबाई करायच्या.

पण गेल्या वर्षी घात झाला. हवा दमट होती, बाईंची बोटं सांधेदुखीने आखडलेली, रंगाचा शेवटचा हात उशिरा उरकला. काळा रंग पांढऱ्यात उतरला. भुतं करडी झाली, पोरांची तोंडं कोळसा खाल्ल्यासारखी. मार्लिस क्वाम ही लाल चष्मा लावून, काखेत वही घेऊन पार्टीची व्यवस्था बघणारी. तिची नात ब्रिटा देवदूत झाली होती, तिच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर जांभळे हात उमटले.

म्हणून यंदा सप्टेंबरातच मार्लिस बाईंकडे गेली. मी त्यांच्या पायरीची फळी बदलत होतो, सगळं ऐकलं.

“आर्डिथ, राग मानू नका,” मार्लिस म्हणाली. “तालुक्याच्या दुकानात तयार मिळतात. भोपळे, वटवाघळं, सगळं. तुम्हालाही आता विश्रांती.”

“विश्रांती मला पुढे भरपूर आहे,” बाई म्हणाल्या. “चर्चच्या मागे जागाही घेऊन ठेवलीय.”

“तसं नाही हो...”

“दुकानातल्या भोपळ्यात पोरांनी स्वतःला कुठे शोधायचं?”

मार्लिस मनाची वाईट नाही. तिने थोडा विचार केला. “बरं. हॅलोविनच्या दिवशी तीन वाजता मी येईन. काळ्या रंगावर अंगठा दाबीन. अंगठा स्वच्छ निघाला तर तुमची बिस्किटं. डाग पडला तर गाडी काढून दुकानात जाईन. आणि मग पुढच्या वर्षीचंही दुकानातूनच.”

“दाब,” बाई म्हणाल्या. “पण अंगठा धुऊन ये.”

हॅलोविन शनिवारी होतं. बुधवारी बाईंनी बिस्किटं लाटली, साच्याने कापली, भाजली. लोण्याचा वास आमच्या खळ्यापर्यंत आला. आणि त्याच संध्याकाळी धुकं उतरलं. पाऊस नाही, पडझड नाही, नुसतं ओलं धुकं, ओल्या गोधडीसारखं गावावर पसरलेलं. मक्याची कापणी थांबली. हार्वेस्टरं शेडमध्ये उभी राहिली आणि आम्ही माणसं कॉफी पीत एकमेकांचे जुने विनोद सहन करू लागलो.

गुरुवारी बाईंनी पहिला हात दिला. पिठीसाखर, अंड्याचा पांढरा भाग आणि रंग. आधी कडेची रेघ, मग आत पातळ रंग सोडायचा, तो आपसूक पसरतो. केशरी, हिरवा, जांभळा. सकाळी दिलेला रंग दुपारी चिकट, संध्याकाळीही चिकट. मी दूध द्यायला गेलो तर बाई टेबलाशी बसून होत्या, आणि टेबलावर अडतीस पोरं अंधुक प्रकाशात ओलीच्या ओली चमकत होती.

“वेंडेल,” त्या मला म्हणाल्या, “हा रंग वाळला नाही तर उद्या डोळे-तोंडं कशावर काढू?”

असं हरल्या आवाजात त्या बोललेल्या मी कधी ऐकलं नव्हतं.

ही गोष्ट मी डेल्मर क्वामला सांगितली. डेल्मर मार्लिसचा नवरा. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. त्याने कॉफी संपवली, कप उपडा ठेवला. “माझ्या हार्वेस्टरच्या केबिनमध्ये ठेव,” तो म्हणाला. “काचेची खोली आहे. हीटर आणि एसी एकदम लावले की हवा अशी कोरडी होते की माझे ओठ फुटतात. धूळ नाही, मांजर नाही.”

“आणि मार्लिस?”

“मार्लिस हार्वेस्टरमध्ये चढत नाही. गुडघे दुखतात तिचे.” मग जरा थांबून, “तिला सांगू मात्र नकोस. माझेही गुडघे मला हवे आहेत.”

त्याच रात्री आम्ही ट्रे चढवले. शुक्रवारी सकाळी ट्रे घरी आणले तर रंग काचेसारखा टणक. बाईंनी त्यावर नखाने टकटक केलं आणि गालात हसल्या. दिवसभर बसून काळ्या रेघा काढल्या: भुवया, मिशा, झाडूच्या काड्या. बोटं दुखली की कोमट पाण्यात बुडवायची, पुसायची, पुन्हा रेघ. संध्याकाळी ट्रे परत केबिनमध्ये.

शनिवारी पहाटे वारा सुटला. धुकं नांगरलेल्या मातीवरून उठलं आणि पूर्वेकडे निघून गेलं. अकरापर्यंत मक्याची पानं कागदासारखी वाजायला लागली.

एक वाजता मी आणि बाई गाडी घेऊन डेल्मरच्या शेडशी गेलो. शेड रिकामी होती. जमिनीवर तेलाचा एक डाग आणि त्यावर चिमणी.

“वेंडेल,” बाई म्हणाल्या, “माझी पोरं कुठे आहेत?”

ती पोरं उत्तरेच्या शेतात मका कापत होती. झालं होतं असं की अकराच्या सुमारास डेल्मर ट्रे उतरवायला निघाला, तेवढ्यात मार्लिस ओसरीवर येऊन उभी राहिली. “बघतोस काय? दोन दिवस खुर्ची गरम केलीस, आता मका काढ!” ती तिथून हलेना. बायकोच्या देखत ट्रे उतरवावे, तर बिंग फुटणार. म्हणून डेल्मर मुकाट्याने चढला, दार लावलं आणि अडतीस बिस्किटांसकट शेतात गेला.

आम्ही बांधावर पोचलो तेव्हा हार्वेस्टर दूरच्या टोकाला वळत होतं. बाई गाडीतून उतरल्या, थेट कापलेल्या ओळींतून चालत निघाल्या. केशरी एप्रन वाऱ्यावर फडफडत होता. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पायात घरातल्या सपाता, समोरून घराएवढं मोठं यंत्र येतंय, आणि ती बाजूला होत नाही. डेल्मरने यंत्र थांबवलं.

तेवढ्यात बांधावर दुसरी गाडी थांबली. कापणीच्या दिवसांत नवऱ्याचं जेवण शेतात पोचवायचं असतं. मार्लिस डबा घेऊन आली होती.

“आर्डिथ, तुम्ही इथे काय करताय?” ती म्हणाली. मग तिने वर काचेकडे पाहिलं. डेल्मर ताठ बसला होता. बाजूच्या सीटवर ट्रे, पायाशी ट्रे, आणि मांडीवर एक ट्रे, जसं तान्हं बाळ धरावं तसा डाव्या हाताने धरलेला.

मार्लिस गुडघे विसरून शिडी चढली. दार उघडलं.

“हे काय आहे?”

“बिस्किटं,” डेल्मर म्हणाला.

“ते मला दिसतंय! किती वेळ हिंडवतोयस?”

“चार फेऱ्या झाल्या. हळू चालवलं. शेजारचा विलिस मागून जाताना ओरडून विचारत होता, इंजिन बिघडलंय का म्हणून.”

“आणि मला एका शब्दाने...”

“तू ओसरीवर उभी होतीस.”

आर्डिथबाई खालून म्हणाल्या, “मार्लिस, तीन वाजायला वेळ आहे. पण आलीच आहेस तर दाब अंगठा.”

वारासुद्धा पडल्यासारखा वाटला. मार्लिसने अंगठा स्वतःच्या कोटाला पुसला. सगळ्यात काळं वटवाघूळ निवडलं. नीट दाबला. वर करून उन्हात धरला, उलटसुलट पाहिला.

अंगठा स्वच्छ होता.

“चार फेऱ्या,” ती स्वतःशीच म्हणाली. “या खटाऱ्यात माझे दात हलायचे.”

“खटारा कुणाला म्हणतेस?” डेल्मर म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं एवढंच रागाचं वाक्य.

रंग टिकले होते, पण पाच बिस्किटं हादऱ्यांनी तुटली होती. बाई ट्रे घेऊन घरी आल्या, मार्लिसही न बोलावता मागे आली. मागच्या बाजूने साखरेचं घट्ट आयसिंग लावून तुकडे जोडायचे आणि धरून बसायचं. बाईंच्या बोटांना ते जमेना, मार्लिसच्या बोटांना जमलं.

शेवटचं बिस्किट तिने हातात घेतलं आणि थबकली. “आर्डिथ, ही कोण? हा लाल चष्मा... हे करडे कुरळे केस... हिच्या हातात वही आहे!”

“बोटं हलवू नकोस.”

“ही मी आहे! कोणतं कार्टं माझं सोंग घेतंय?”

“कानात सांगितलेलं मी तोंडाने बोलत नाही. हलवू नकोस म्हणते ना, तुझंच मुंडकं पडेल.”

मार्लिस पाऊण तास स्वतःचं मुंडकं धरून बसली. मधून मधून हसू आवरेना झालं की बाई दटावायच्या.

साडेपाचला बंब रस्त्यावर गेला, शेडचे दिवे लागले. पोरं आत घुसली, मुखवटे एकमेकांवर आपटले. “हा मी! हा मी!” असा गलका उठला. अस्वलाला अस्वल सापडलं, ट्रॅक्टरला ट्रॅक्टर. मग दारातून सात वर्षांची ब्रिटा आली: लाल चष्मा, करडा टोप, काखेत वही. आल्या आल्या तिने कमरेवर हात ठेवला आणि डेल्मरला म्हणाली, “बघतोस काय? मका काढ!”

मी डेल्मरला मोठ्याने हसताना तेव्हाच पाहिलं. मार्लिस नातीला उचलून घ्यायला गेली, तर पोरगी म्हणाली, “थांब आजी, आधी मी स्वतःला शोधते.” सापडल्यावर तिने मानेवरचा जोड पाहिला आणि बरोबर तिथेच चावा घेतला.

पिशवी घेऊन पोरं दारोदार खाऊ मागायला निघायच्या आधीच आर्डिथबाईंनी रिकामे ट्रे एकावर एक रचले. मार्लिस दाराशी आडवी आली.

“पुढच्या वर्षी मी बुधवारीच येते,” ती म्हणाली. “लाटायला.”

“मंगळवारी ये. पीठ मळायचं असतं. आणि अंगठी काढून ये.”

बाई बाहेर पडल्या. वारा होताच, पण आता त्यात मक्याच्या धुळीचा गोड वास होता. बंबाला वळसा घालून त्या आपल्या गल्लीकडे चालू लागल्या, हळू, काखेत ट्रे, पाठ सरळ. दारात मार्लिस उभी राहून बघत होती. तिच्याशेजारी लाल चष्म्याची तिची छोटी प्रत, आणि मागे एक हिरवा डायनासोर, बिस्किटातली स्वतःची शेपटी चावत. बाई वळणावर पोचेपर्यंत तिघांतलं कुणी आत गेलं नाही.